कथेचे घटक: शकुंतलेच्या दोन कथांच्या आधारे

कथानक, पात्रचित्रण, वातावरण, निवेदन, संघर्ष, आशय ही नावे विद्यार्थ्यांना नववी-दहावीपासून तोंडपाठ असतात. कृतिपत्रिकेत ‘कथेचे घटक सांगा’ असे आले की ती एकाखाली एक उतरतात आणि प्रत्येकापुढे एक व्याख्या बसते. व्याख्या बहुधा बरोबरही असते. अडचण त्यापुढे येते. आधी न वाचलेली कथा समोर ठेवून ‘हिचे कथानक कसे आहे?’ असे विचारले, तर विद्यार्थी सारांश लिहितो. पात्रचित्रणाबद्दल विचारले, तर नायिका प्रेमळ, कष्टाळू आणि स्वाभिमानी असल्याचे प्रमाणपत्र देऊन मोकळा होतो. संज्ञा पाठ झालेली असते, तिचा उपयोग काय हे मात्र कोणी सांगितलेले नसते.

कथेच्या संदर्भातली प्रत्येक संज्ञा लेखकाने घेतलेल्या एखाद्या निर्णयाकडे बोट दाखवते. गोष्ट कुठून सुरू करायची, कोणाच्या तोंडून सांगायची, कोणती घटना समोर घडवायची आणि कोणती नुसती कळवायची, हे सगळे कोणीतरी ठरवलेले असते. पण छापून आलेल्या कथेत हे ठरवणे दिसत नाही. जे आहे ते तसेच असणार होते, असे वाटत राहते. म्हणून त्या जागी दुसरे काय होऊ शकले असते, हे शेजारी ठेवून पाहावे लागते. एकच गोष्ट दोन समर्थ हातांनी दोन तऱ्हांनी सांगितली असेल, तर हे काम सोपे होते.

शकुंतलेची गोष्ट तशी आहे. ती महाभारताच्या आदिपर्वात येते आणि कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतल’ या सात अंकी नाटकात येते. मराठी वाचकाला ती परकी नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतल’चा पुण्यात ३१ ऑक्टोबर १८८० रोजी झालेला प्रयोग मराठी संगीत रंगभूमीचा आरंभ मानला जातो. नाटक आणि कथा हे साहित्यप्रकार वेगळे आहेत, हे खरे. तरी कथानक, पात्र, संघर्ष, स्थळ-काळ, प्रतीक हे घटक दोन्हींत असतात. निवेदक तेवढा नाटकात सहसा नसतो, म्हणून त्याच्यासाठी पुढे मराठी कादंबरीकडे जावे लागेल.

कथा आणि कथानक

दोन्हीकडची गोष्ट थोडक्यात अशी. राजा दुष्यंत शिकारीच्या निमित्ताने कण्वाच्या आश्रमाशी येतो. कण्व बाहेर गेलेले आहेत. शकुंतला भेटते, दोघांचा गांधर्वविवाह होतो, राजा राजधानीला परततो. पुढे शकुंतला त्याच्या दरबारात जाते तेव्हा तो तिला ओळख देत नाही. शेवटी तो तिचा आणि मुलाचा स्वीकार करतो. हा मुलगा म्हणजे भरत.

एवढी ती ‘कथा’: घडलेल्या गोष्टी, घडल्या त्या क्रमाने. ‘कथानक’ म्हणजे त्याच घटनांची कार्यकारणाने बांधलेली रचना. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये ‘आस्पेक्ट्स ऑफ द नॉव्हेल’ या पुस्तकात हा भेद ठसठशीतपणे मांडला आणि तेव्हापासून तो जगभरच्या वर्गांत शिकवला जातो. ‘मग काय झाले?’ या प्रश्नाला कथा उत्तर देते, ‘असे का झाले?’ या प्रश्नाला कथानक.

आता तो प्रश्न इथे विचारून पाहू. राजाने शकुंतलेला का नाकारले? महाभारतातल्या दुष्यंताला सगळे आठवत असते. आठवत असूनही तो आठवत नाही म्हणतो. शकुंतला त्याला सत्य, पत्नी आणि पुत्र यांविषयी खडे बोल सुनावते, आकाशवाणी होते, आणि मग राजा खुलासा करतो: नुसत्या तिच्या शब्दावर मी तिला स्वीकारले असते तर लोकांनी संशय घेतला असता. म्हणजे नकाराचे कारण राजाच्या मनात आहे आणि ते राजकीय आहे.

कालिदासाने हे एक कारण काढून तिथे दुर्वास ऋषीचा शाप ठेवला. राजा खरोखरच विसरतो. बदल एकाच जागी झाला, पण त्याबरोबर बाकीची सगळी रचना हलली. शाप आला म्हणजे उःशाप हवा, नाहीतर गोष्ट तिथेच संपेल. उःशापाला ओळखीची खूण हवी, म्हणून अंगठी. ती आधी दिली गेली पाहिजे, ऐन वेळी हरवली पाहिजे, पुढे सापडली पाहिजे. शापाची बातमी शकुंतलेला कळता कामा नये, नाहीतर ती अंगठीला जिवापलीकडे जपेल; म्हणून शाप ऐकणाऱ्या अनसूया आणि प्रियंवदा या सख्या तो तिच्यापासून लपवतात. कोमल स्वभावाच्या शकुंतलेला तो सोसणार नाही, हे त्यांचे कारण. आणि ते त्यांच्या स्वभावाला धरून आहे.

अंगठीचा प्रवास अंकाअंकाने तपासण्यासारखा आहे. पहिल्या अंकात शकुंतला प्रियंवदेचे झाडांना पाणी घालण्याचे देणे लागत असते. ते फेडायला राजा, आपली ओळख लपवलेली असतानाच, बोटातली अंगठी पुढे करतो आणि सख्या तिच्यावरचे नाव वाचून एकमेकींकडे पाहतात. प्रसंग थट्टेचा आहे, पण अंगठीवर नाव आहे हे प्रेक्षकाच्या मनात तिथेच नोंदले जाते. चौथ्या अंकात निरोप देताना सख्या जाता जाता म्हणतात की राजाला ओळख पटायला वेळ लागला तर त्याला ही अंगठी दाखव. शकुंतला या बोलण्यानेच शहारते. पाचव्या अंकात ती बोट चाचपते तर अंगठी नाही. शचीतीर्थाच्या पाण्याला वंदन करताना ती गळून पडली असणार, असे तिच्याबरोबर आलेली गौतमी सांगते. सहाव्या अंकाच्या आरंभी एका कोळ्याला ती माशाच्या पोटात सापडलेली असते आणि शिपाई त्याला चोर समजून धरून आणतात. शेवटच्या अंकातला तिचा उल्लेख पुढे प्रतीकाच्या विचारात येईलच.

पुढे कामी येणारी वस्तू किंवा गोष्ट आधीच सहज वाटेल अशा जागी पेरून ठेवणे याला ‘पूर्वसूचना’ म्हणतात. आपल्या नाट्यशास्त्रातल्या ‘बीज’ या संज्ञेचा आवाका याहून मोठा आहे; संपूर्ण फळाचे मूळ त्यात गृहीत धरलेले असते. पूर्वसूचना जितकी नकळत, तितकी चांगली. कण्व आश्रमात का नाहीत? महाभारतात ते फळे आणायला गेलेले आहेत. कालिदासाने त्यांना सोमतीर्थाला पाठवले आणि त्याचे कारण दिले: शकुंतलेच्या प्रतिकूल दैवाची शांती. हे पहिल्याच अंकात कळते; शाप अजून तीन अंक दूर आहे.

याहून कसबाची जागा राजाच्या मित्राची, विदूषकाची आहे आणि तिच्याकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. राजाने दुसऱ्या अंकात आपले प्रेम विदूषकाला सांगितलेले असते. मग पाचव्या अंकात त्याने राजाला आठवण का करून दिली नाही? शाप राजावर होता, विदूषकावर नव्हता. कालिदासाने हे भोक दोन ठिकाणी बुजवले आहे. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस राजा त्याला सांगतो की ते सगळे थट्टेत बोललो, खरे धरू नकोस. आणि पाचव्या अंकात शकुंतला दरबारात येण्याआधी राजा विदूषकाला, रुसलेल्या हंसपदिका राणीची समजूत घालायला, अंतःपुरात पाठवून देतो. कथानक म्हणजे काय, हे मुलांना समजवायला मला या एवढ्या तपशिलाहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

टप्पे, आणि उत्कर्षबिंदूचा हट्ट

कथानकाचे टप्पे पाडण्याच्या दोन परंपरा आपल्या पुस्तकांत एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात कार्याच्या पाच अवस्था आहेत: प्रारंभ, प्रयत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम. दुसरी परंपरा जर्मन लेखक गुस्टाव्ह फ्रायटाग याची. त्याने १८६३ मध्ये ग्रीक आणि शेक्सपिअरच्या शोकात्मिका डोळ्यांपुढे ठेवून पाच भागांची चढ-उताराची आकृती काढली. तिचे टोक मध्यावर असते. तिथून नायक घसरणीला लागतो. भरतमुनींच्या अवस्थांचा रोख मात्र शेवटच्या प्राप्तीकडे असतो. शाकुंतलात ढोबळ मानाने अंगठी सापडते तिथे नियताप्ती येते, म्हणजे फळ मिळणार हे नक्की होते, आणि मारीच ऋषींच्या आश्रमातली भेट हा फलागम. शोकात्मिकेची आकृती या नाटकावर बसवायला गेले तर पाचव्या अंकानंतरचे दोन अंक लांबण लावल्यासारखे वाटतील. तो दोष आकृतीच्या निवडीचा.

मराठी कथेपुरते बोलायचे तर ‘उत्कर्षबिंदू’ ही संज्ञा वर्गात गरजेपेक्षा जास्त वापरली जाते. ना. सी. फडके यांनी ‘प्रतिभासाधन’मध्ये तंत्राचा जो विचार मांडला, त्यात आरंभ, गुंतागुंत, उत्कर्ष आणि शेवट यांना मोठे स्थान होते, आणि त्या काळच्या कथेला ते लागूही पडत होते. पण १९४५ च्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर यांची नवकथा आली, आणि घटनेपेक्षा मनाच्या हालचालींना महत्त्व देणाऱ्या कथांत शिखर शोधणे व्यर्थ ठरू लागले. तरीही उत्तरपत्रिकेत प्रत्येक कथेला एक उत्कर्षबिंदू असतोच, कारण त्याला गुण असतात. नसेल तर नाही असे लिहावे आणि त्याऐवजी कथा कशावर उभी आहे ते सांगावे.

संघर्ष

संघर्षाचे प्रकार सांगताना माणूस विरुद्ध माणूस, माणूस विरुद्ध समाज, माणूस विरुद्ध निसर्ग, माणूस विरुद्ध स्वतः अशी यादी दिली जाते. यादी ठीक आहे. पण चांगल्या प्रसंगात यांतले दोन-तीन एकाच वेळी चालू असतात, आणि वरवर दिसणारा संघर्ष खरा असेलच असे नाही.

शाकुंतलाचा पाचवा अंक वरवर पाहता शकुंतला आणि राजा यांचे भांडण आहे. राजाच्या बाजूने पाहिले की वेगळेच दिसते. समोर एक सुंदर, गर्भवती स्त्री उभी आहे आणि ती आपली पत्नी असल्याचे तपस्वी सांगत आहेत. त्याला काहीही आठवत नाही. तिला नाकारावे, तर पत्नीचा त्याग केल्याचे पाप लागू शकते; स्वीकारावे, तर परस्त्रीला हात लावल्याचे. तो पुरोहितालाच विचारतो की या दोहोंत कमी वाईट काय. शापामुळे दुष्यंताचा लबाडपणा गेला, आणि त्या जागी दोन्हीकडून दोषी ठरवणारा पेच आला. महाभारतात हा आंतरिक संघर्ष नाही, कारण तिथल्या राजाला खरे काय ते ठाऊक आहे.

निसर्गाशी संघर्षाचे उदाहरण म्हणून माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) घ्यावी. मेंढपाळांच्या या वाडीत भांडणे आहेत, हेवेदावे आहेत, पण खलनायक म्हणावा असा कोणी नाही. शेवटी दुष्काळ येतो आणि वाडी रिकामी होते. दुष्काळाशी दोन हात करता येत नाहीत, त्याच्यावर खटला भरता येत नाही. म्हणूनच तिथे संघर्ष हा शब्द वापरताना विद्यार्थ्याने थोडे थांबावे. लढाई दोन्ही बाजूंनी होत असेल तरच तो शब्द पुरता लागू पडतो.

पात्र

फॉर्स्टर यांनीच पात्रांचे दोन प्रकार केले: एका गुणावर उभे असलेले सपाट पात्र आणि वाचकाला पटेल अशा रीतीने चकित करू शकणारे गोलाईचे पात्र. सपाट हा शब्द ऐकून विद्यार्थी त्याला दोष समजतात. तसे नाही. दुर्वास हे सपाट पात्र आहे आणि तसेच असायला हवे. तो का रागावला याचे मनोविश्लेषण नाटकाने केले असते तर चौथा अंक बिघडला असता.

शकुंतला मात्र दोन्ही ग्रंथांत वेगळी आहे. महाभारतातली शकुंतला आपल्या जन्माची हकिकत स्वतः सांगते, आणि विवाहाला होकार देण्याआधी आपला मुलगाच युवराज होईल ही अट घालते. दरबारात ती मुलाला घेऊन येते आणि राजाला न घाबरता बोलते. ती जशी सुरुवातीला तशीच शेवटी. खंबीर, पण फारशी न बदलणारी. कालिदासाची शकुंतला पहिल्या अंकात राजासमोर क्वचितच बोलते. तिच्या जन्माची हकिकत सख्या सांगतात. अट कोणी घालत नाही. राजाच्या अनेक राण्या असतात, आमच्या सखीला दुःख होऊ देऊ नका, एवढेच सख्या सुचवतात. तीच शकुंतला पाचव्या अंकात राजाला तोंडावर ‘अनार्य’ म्हणते. हा पल्ला तिने आपल्या डोळ्यांदेखत गाठलेला असतो, म्हणून तो शब्द जोरात लागतो.

त्या अंकातला एक छोटा तपशील पाहा. अंगठी सापडत नाही तेव्हा शकुंतला पुरावा म्हणून एक आठवण सांगते. दीर्घापांग नावाचे एक हरणाचे पाडस होते. राजाने कमळाच्या पानाच्या द्रोणातून त्याला पाणी पाजायचा प्रयत्न केला, ते जवळ आले नाही; शकुंतलेने तोच द्रोण हातात घेतला तर प्यायले. तेव्हा राजा हसून म्हणाला होता की प्रत्येकाचा आपल्या माणसांवर विश्वास असतो, तुम्ही दोघेही रानातलेच. दरबारात उभी राहून तिला हे सांगावेसे वाटते, यात तिचा सगळा स्वभाव आला. साक्षीदार, तारीख, वचन यांतले काही तिला सुचत नाही. आणि सांगितलेल्या आठवणीचा विषय विश्वास हाच असावा, हे लेखकाचे. पात्रचित्रणावरच्या उत्तरात ‘शकुंतला निरागस आहे’ हे वाक्य लिहायला हरकत नाही, मात्र त्याच्या पुढच्या ओळीत हे पाडस आले पाहिजे.

पात्र कसे बोलते, हाही पात्रचित्रणाचाच भाग. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो, शकुंतला आणि सख्या प्राकृत बोलतात, कोळ्याची बोली त्याहून वेगळी असते. मराठीत हे काम प्रमाणभाषा आणि बोली करतात. उद्धव ज. शेळके यांच्या ‘धग’मध्ये (१९६०) कौतिकच्या तोंडची वऱ्हाडी काढून तिथे पुस्तकी मराठी घालून पाहा, कादंबरीतले दारिद्र्य तेवढेच राहील, पण ते कोणाच्याही घरातले होईल.

निवेदक

‘लेखक म्हणतो’ हा विद्यार्थ्यांच्या लिखाणातला सर्वांत घट्ट बसलेला वाक्प्रयोग असावा. कथा सांगणारा आवाज म्हणजे निवेदक. तो लेखकाने घडवलेला असतो आणि पुष्कळदा लेखकाहून पूर्ण वेगळा असतो.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो!’चे उदाहरण यासाठी पुरेसे आहे. १८९० पासून ‘करमणूक’ साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः येऊ लागली तेव्हा हरिभाऊ सव्वीस वर्षांचे होते. कादंबरी सांगते यमू. बालपण, लग्न, वैधव्य आणि केशवपनापर्यंतची आपली हकिकत ती स्वतः सांगते. हरिभाऊंना तृतीयपुरुषी निवेदन करता आले असते. त्यात त्यांना सगळ्यांच्या मनात शिरता आले असते, विधवांच्या स्थितीवर मते मांडता आली असती. ‘सर्वसाक्षी निवेदक’ म्हणतात तो हाच: प्रत्येक खोलीत आणि प्रत्येकाच्या मनात जाणारा. पण मग यमूकडे बाहेरून, कणवेने पाहिले गेले असते. आत्मकथनामुळे ती दयेचा विषय राहत नाही, तीच बोलणारी होते.

आणि इथे बारकाईने पाहिले तर यमू एक नाही. एक घटना भोगणारी लहान यमू, दुसरी त्या घटना पुढे लिहिणारी मोठी यमू. लहानीला घरातल्या मोठ्यांच्या वागण्याचा अर्थ पुरता लागत नाही, लिहिणारीला तो लागलेला असतो. प्रथमपुरुषी निवेदनाचे रसायन या दोघींमधल्या अंतरात आहे. हे अंतर कमी-जास्त करता येते. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) सांगणारा पांडुरंग सांगवीकर पंचविशीचा आहे, सांगितलेल्या आयुष्यापासून तो फारसा दूर गेलेला नाही, म्हणून त्याच्या बोलण्यात मागे वळून पाहणाऱ्या माणसाचा समंजसपणा येत नाही. तो आला असता तर कादंबरी पडली असती. ‘बनगरवाडी’चा निवेदक बाहेरून आलेला तरुण मास्तर. वाडीतले रीतिरिवाज त्याला नवे म्हणून तो ते नीट पाहतो, आणि वाचकही त्याच्याबरोबर नवखाच असतो. हीच वाडी तिथल्या कारभाऱ्याच्या तोंडून सांगितली असती, तर त्याला त्यातले निम्मे सांगण्यासारखे वाटलेच नसते.

तेव्हा निवेदनाविषयी लिहिताना प्रथमपुरुषी की तृतीयपुरुषी, एवढ्यावर थांबू नये. निवेदकाला काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि माहीत असूनही तो काय राखून ठेवतो, हे पाहावे.

नाटकात निवेदक नसला तरी ‘कोणाला काय माहीत’ हा हिशेब असतोच, आणि त्यातूनच ‘नाट्यात्म उपरोध’ जन्मतो. रंगमंचावरच्या पात्राला जे ठाऊक नाही ते प्रेक्षकाला ठाऊक असते, त्यामुळे पात्राच्या साध्या बोलण्याला दुसरा अर्थ चिकटतो. पाचव्या अंकात शाप शकुंतलेला माहीत नाही, राजाला नाही, बरोबर आलेल्या तपस्व्यांनाही नाही. ज्यांना माहीत आहे त्या दोघी सख्या आश्रमात मागे राहिल्या. संपूर्ण दरबारात खरे कारण जाणणारा एकटा प्रेक्षक असतो, आणि त्याला बोलता येत नाही. महाभारतात हे उलट आहे. तिथे राजाने श्रोत्यांसमोर शेवटी खुलासा करायचा आहे. त्याला आठवते आहे एवढे आपल्याला सांगितले जाते, पण त्याचा हेतू राखून ठेवला जातो. तिकडे उत्सुकता, इकडे तळमळ.

काळ आणि स्थळ

घटनेला प्रत्यक्षात लागलेला वेळ आणि ती सांगायला दिलेली जागा यांचे प्रमाण लेखक ठरवतो. दुर्वासाचा शाप ही नाटकातली सर्वांत निर्णायक घटना. ती कालिदासाने चौथ्या अंकाच्या आधीच्या विष्कंभकात, म्हणजे छोट्या जोडप्रवेशात, पडद्याआडून ऐकू येणाऱ्या आवाजावर भागवली. शकुंतलेचा निरोप मात्र उरलेला जवळजवळ अख्खा अंक व्यापतो. त्यात झाडे तिला वस्त्रालंकार देतात, हरणाचे पाडस पदर ओढते. याउलट सहाव्या आणि सातव्या अंकांच्या मध्ये मूल सिंहाच्या छाव्याशी खेळण्याएवढे मोठे होते, आणि तो काळ आपल्याला दाखवलेला नाही. कोणती घटना ‘दृश्य’ म्हणून उलगडली, कोणती ‘सारांश’ म्हणून उरकली आणि कोणती गाळली, यावरून लेखकाला कशाचे मोल वाटत होते ते कळते.

स्थळाबद्दल थोडक्यात. मालिनीकाठचा आश्रम, हस्तिनापूरचा राजवाडा आणि हेमकूट पर्वतावरचा मारीचांचा आश्रम या तीन जागा म्हणजे नुसते देखावे नव्हेत. गर्दीने भरलेल्या राजवाड्यात शिरताच शकुंतलेबरोबर आलेल्या शार्ङ्गरव या तपस्व्याला आग लागलेल्या घरात आल्यासारखे वाटते. तो राजवाडा कसा आहे यापेक्षा शार्ङ्गरव कुठून आला आहे, हे त्यातून अधिक कळते. विश्राम बेडेकरांच्या ‘रणांगण’ची (१९३९) जवळपास सगळी गोष्ट युरोपातून निघालेल्या बोटीवर घडते. चक्रधर आणि जर्मन ज्यू तरुणी हेर्टा यांना एकत्र आणते ती बोट, आणि तिचा मार्ग ठरलेला असल्यामुळे त्यांच्या सहवासाची मुदतही ठरलेली आहे. स्थळ बदलले तर ती प्रेमकथा दुसरीच होईल.

प्रतीक

प्रतीकाचा शोध ही हुशार विद्यार्थ्यांची खोड. पाऊस आला की दुःख, दिवा आला की आशा. वस्तू आधी वस्तू म्हणून कथेत काम करते का, हे पाहावे. नंतर तिच्यावर अर्थ साठत गेला असेल तर तिला प्रतीक म्हणावे.

अंगठीपुरते पाहू. अ‍ॅरिस्टॉटलने ‘पोएटिक्स’मध्ये ओळख पटण्याचे प्रकार सांगताना खुणेच्या वस्तूवरून पटणाऱ्या ओळखीला सर्वांत कमी कलात्मक ठरवले आणि घटनांच्या ओघातूनच पटणाऱ्या ओळखीला श्रेष्ठ. त्या मापाने शाकुंतलातली अंगठी हलकी ठरेल. पण कालिदासाने अंगठी आणि पुनर्मीलन यांच्यात अंतर ठेवले आहे. अंगठी सापडली, राजाला आठवले, आणि शकुंतला मात्र जवळ नाही. सहाव्या अंकात तो अंगठीलाच बोल लावत बसतो. अंगठीवरच्या आपल्या नावातले रोज एक अक्षर मोज, अक्षरे संपतील तोवर तुला न्यायला माणूस येईल, असे आपण सांगितले होते हे त्याला आठवते. थोड्या दिवसांचा वायदा करणारी वस्तू आता त्या मोडलेल्या वायद्याची आठवण झाली आहे. सातव्या अंकात भेट होते ती मुलामुळे, आणि राजा अंगठी पुन्हा शकुंतलेच्या बोटात घालू पाहतो. ती नको म्हणते. हिच्यावर माझा विश्वास नाही, आपणच घाला, एवढेच तिचे म्हणणे. सबंध नाटक ज्या वस्तूभोवती फिरले, तिला नायिकेने परत केले. अंगठी प्रतीक होते ती इथे.

आशयसूत्र

विषय, आशयसूत्र आणि तात्पर्य या तिन्हींची गल्लत नेहमी होते. विषय एका शब्दात सांगता येतो: प्रेम, विस्मरण. तात्पर्य म्हणजे उपदेश. ते इसापनीतीला शोभते. आशयसूत्र हे संपूर्ण रचनेतून निघणारे विधान असते आणि ते लिहायला पूर्ण वाक्य लागते. ते खरे की ओढूनताणून आणलेले, हे ठरवायचे तर आधीच्या सगळ्या घटकांत त्याचा पुरावा मिळतो का ते पाहावे. ‘शाकुंतल विस्मरणाबद्दल आहे’ म्हटले तर पुरावा भरपूर मिळतो: राजाच्या विचारात बुडालेली शकुंतला दारी आलेल्या अतिथीला विसरते, म्हणून राजा तिला विसरतो. पण हा अजून विषयच झाला. विसरणाऱ्याचा दोष किती, याबद्दल नाटक काय म्हणते, हे सांगितले की आशयसूत्र सुरू होते. आणि तिथे वाचकांत जुना वाद आहे.

शाप आणून कालिदासाने राजाला मोकळे सोडले, महाभारतातल्या बाणेदार स्त्रीला सोशिक केले, असा आक्षेप आधुनिक वाचक घेतात. रोमिला थापर यांनी शकुंतलेच्या निरनिराळ्या रूपांवर १९९९ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात दोन्ही शकुंतलांमधला हा फरक इतिहासाच्या अंगाने तपासला आहे. आक्षेपात तथ्य आहे. कथानकाच्या पातळीवर राजा निर्दोषच ठरतो. सातव्या अंकात मारीच शापाची हकिकत सांगतात तेव्हा तो सुटकेचा निःश्वास टाकतो, शकुंतलेलाही त्याने मुद्दाम टाकले नव्हते हे ऐकून बरे वाटते.

पण पात्रचित्रणाच्या पातळीवर निकाल तितका स्वच्छ नाही, आणि त्याचा पुरावा पाचव्या अंकाच्या सुरुवातीला आहे. शकुंतला दरबारात येण्याआधी अंतःपुरातून हंसपदिकेचे गाणे ऐकू येते. राजाने एके काळी तिच्यावर प्रेम केले आणि मग तिला विसरला, ही त्यातली तक्रार. राजाला ती समजते. तो विदूषकाजवळ तसे कबूलही करतो आणि तिची समजूत घालायला त्यालाच पिटाळतो. विदूषकाला वाटेतून दूर करण्यासाठी ही योजना हवी होती, हे वर आलेच. पण तेवढ्यासाठी कोणतेही निमित्त चालले असते. कालिदासाने नेमके हे निमित्त निवडले, आणि हंसपदिकेच्या बाबतीत तर कोणत्याही ऋषीचा शाप आड आलेला नव्हता. ती रंगमंचावर एकदाही येत नाही आणि तिच्या तक्रारीचे पुढे काय झाले, हे नाटक सांगत नाही.